चाकं उघडी काऊन ठेवतात बे?

आमच्या ऑफिसमधी एक जण आहे, क्रिकेट, कबड्डी, कुस्ती काहीही लावा, चवीनं पाहतो, पण रविवारी संध्याकाळी साडेसहाला मी फॉर्म्युला वनची, म्हणजे उघड्या चाकांच्या गाड्यांची, रेस लावून बसलो अन् तो घरी टपकला की त्याचा एकच प्रश्न. करोडो रुपये खर्च करतात, जगातले हुशार इंजिनिअर आणून बसवले, अन् चाकाले साधं मडगार्ड लावता येत नाही का बे? आपल्या लुनाले पण होतं.

मी पण आधी हसून सोडून द्यायचो. पण खरं सांगू का, प्रश्न येडा नाहीये. उघडं चाक ही हवेच्या हिशोबानं एकदम घाणेरडी वस्तू आहे. गाडी ३०० च्या स्पीडनं जात असेल तर चाकाचा जमिनीला टेकलेला भाग त्या क्षणी थांबलेला असतो आणि वरचा भाग रस्त्याच्या हिशोबानं ६०० नं पुढं जात असतो, अन् त्याच्यावर समोरून हवा येऊन आदळते. त्यातून जो राडा होतो तो मागच्या विंगपर्यंत (विंग म्हणजे हवेच्या जोरावर गाडीला जमिनीवर दाबणारं पंख) जाऊन गाडीची वाट लावतो. पुढच्या विंगवर त्या ज्या बारीक बारीक पट्ट्या, मुरडलेले कोपरे दिसतात नं, त्यातल्या बऱ्याच गोष्टी चाकाची खराब हवा बाहेरच्या बाजूला ढकलून द्यायसाठीच असतात. म्हणजे आधी प्रॉब्लेम उघडा ठेवायचा आणि मग त्याच्यावर शेकडो लोकं कामाला लावायची.

आणि झाकून पाहिलं नाही असंही नाही. १९५४ मधी मर्सिडीज परत ग्रां प्रीमधी, म्हणजे फॉर्म्युला वनच्या रेसमधी, आली तेव्हा त्यांनी डब्ल्यू १९६ नावाची गाडी आणली, चारही चाकं झाकलेली, चांदीच्या रंगाची, दिसायला इतकी सुंदर की आजही फोटो पाहिला की दोन मिनिटं जातात. फ्रान्सला रेम्सच्या लांबलचक सरळ रस्त्यांवर त्यांचा दिग्गज ड्रायव्हर फांजियो पहिला आणि त्याचाच टीममेट क्लिंग दुसरा. बाकीच्यांना वाटलं संपलं आता. मग पुढची रेस इंग्लंडला सिल्वरस्टोन, तिथं कॉर्नर दाखवायला रिकामे तेलाचे ड्रम ठेवलेले असायचे, आणि फांजियोला आपलं पुढचं चाक नेमकं कुठं आहे तेच दिसेना. फांजियोला! त्या माणसानं ड्रम ठोकत ठोकत रेस काढली, गाडीचं नाक पार चेपलं, चौथा आला. त्यानंतर मर्सिडीजनं उघड्या चाकाची बॉडी काढली आणि वळणांच्या ट्रॅकवर तीच वापरली. आता तर फॉर्म्युला वनमधी चाकं उघडी ठेवणं हा नियमच आहे, कोणाला झाकायची हौस असली तरी जमत नाही.

पण मी मित्राला हे सगळं सांगितलं तरी त्याचं समाधान होत नाही, कारण त्याला पाहिजे टक्कर. तो म्हणतो, गाड्या एकमेकाले घासत नाही, ठोकत नाही, तर रेस कायची? आणि माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. उघड्या चाकाच्या रेसमधी मजा याचीच आहे की घासता येत नाही. टुरिंग कारवाले, म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांसारख्या झाकल्या चाकांच्या गाड्यावाले, दरवाज्याला दरवाजा लावून एकमेकाला ढकलतात, बंपर लटकतो, पुढच्या लॅपला परत तेच. इथं चाकाला चाक लागलं की कार्यक्रम.

याचं कारण एकदम सोपं आहे, हातानं करून पाहता येतं. दोन चाकं एकाच दिशेनं फिरत आहेत असं समजा, एक पुढं, एक मागं. पुढच्या चाकाची मागची बाजू वर जात असते. मागच्या चाकाची पुढची बाजू खाली येत असते. या दोन बाजू एकमेकांना टेकल्या की मागचं चाक पुढच्यावर चढतं, चढतं म्हणजे फेकलंच जातं. रबर चिकट, स्पीड २००-३००, त्यामुळं विचार करायला टाइम नसतो. २०१० मधी व्हॅलेन्सियाला मार्क वेबर असाच कोवालायनेनच्या मागच्या चाकावर चढला, कोवालायनेनची गाडी स्लो, त्यानं ब्रेक आधी मारला, वेबरला वाटलं अजून नाही मारणार, अन् त्याची रेड बुल गाडी सरळ हवेत, उलटी, परत सुलटी. चालत बाहेर आला ते नशीब. २००१ ला मेलबर्नला जॅक विलेनव्ह असाच राल्फ शुमाकरच्या मागून चढला, त्याला स्वतःला विशेष काही झालं नाही पण सुटलेलं चाक कुंपणाच्या फटीतून गेलं आणि ट्रॅकच्या बाजूला झेंडे घेऊन उभ्या असलेल्या एका मार्शलचा जीव गेला. चाकं दोरांनी बांधायचा नियम तेव्हाही होता. आता दोर जास्त आहेत, मजबूत आहेत, तरी चाक सुटलं की माझं लक्ष गाडीकडं नसतं, ते चाक कुठं चाललं तिकडं असतं.

२०२१ चा सीझन, हॅमिल्टन अन् वर्स्टॅपन टायटलसाठी भिडलेले, ज्यांनी पाहिला त्यांना वेगळं सांगायला नको. सिल्वरस्टोनला कॉप्स कॉर्नर, हॅमिल्टनचं पुढचं डावं चाक अन् वर्स्टॅपनचं मागचं उजवं, टच इतका छोटा की पहिल्यांदा पाहताना कळलाच नाही, आणि वर्स्टॅपन ५१ जीनं, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या ५१ पट धक्क्यानं, टायरच्या भिंतीत. मग मोंझा, तिथं वर्स्टॅपनचं मागचं चाक हॅमिल्टनच्या डोक्यावर येऊन बसलं. २०१८ ला हॅलो, म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्याभोवतीची ती कमान, आला तेव्हा आपण सगळ्यांनी शिव्या दिल्या होत्या, चपलीच्या पट्ट्यासारखा दिसतो म्हणून. त्या दिवशी तो चपलीचा पट्टा नसता तर काय झालं असतं ते बोलायला नको.

म्हणून मी म्हणतो की ओपन व्हील, म्हणजे उघड्या चाकांचं, रेसिंग हा स्पीडचा खेळ नंतर, आधी भरोशाचा खेळ आहे. आत घुसणाऱ्याला हे माहीत पाहिजे की बाहेरचा आपल्याला पाहून राहिला आहे, बाहेरच्याला माहीत पाहिजे की आतला ब्रेक नीट मारेल, अन् दोघं एकमेकांचे जानी दुश्मन. हे ज्याला एकदा दिसलं त्याला मग नुसतं पहिल्या नंबरवाल्याला पाहण्यात काही राम वाटत नाही. १९७९ ची दिजाँची रेस शोधून पाहा. जाबुईनं जिंकली, रेनॉची पहिली विन, टर्बो इंजिनची पण पहिली, इतिहासात एवढी मोठी गोष्ट, पण तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. सगळे बोलतात दुसऱ्या नंबरसाठी आर्नू आणि जिल विलेनव्ह (वरच्या जॅकचा बाप) शेवटच्या काही लॅप्समधी जे भांडले त्याबद्दल. चाकाला चाक लागून राहिलं, एकदा नाही, परत परत, दोघं ट्रॅकच्या बाहेर जाऊन परत आत, आणि एकानंही दुसऱ्याला भिंतीत नाही घातलं. विलेनव्ह दुसरा, आर्नू तिसरा. नंतर दोघंही खूश. आजकाल असं झालं तर स्टुअर्ड लोकं, म्हणजे रेसचे पंच, तीन तास बसतील अन् दोघांना पाच-पाच सेकंदांचा दंड देऊन मोकळे होतील.

टीव्हीवर हे सगळं अर्धंच कळतं ते मला हैदराबादला गेल्यावर समजलं. ११ फेब्रुवारी २०२३, हुसेनसागरच्या काठावर फॉर्म्युला ई, म्हणजे बॅटरीवर चालणाऱ्या गाड्यांची रेस. नागपूरच्या माणसासाठी वर्ल्ड चॅम्पियनशिपची ओपन व्हील रेस याच्यापेक्षा जवळ आलेली नाही, सरळ वर्धा रोड पकडायचा अन् सोडायचाच नाही. पण तारीख पाहा. त्याच दिवसांत आमच्या जामठ्याला भारत-ऑस्ट्रेलिया टेस्ट. अख्खं गाव त्या मॅचच्या पासच्या मागं लागलेलं, आणि मी मावसभावाला घेऊन शुक्रवारी सकाळी त्याच रस्त्यानं निघालो, जामठ्याला स्टेडियमच्या गर्दीत अडकलो, आजूबाजूच्या गाड्यांमधले लोकं निळी जर्सी घालून आत वळून राहिले अन् आम्ही सरळ. मावसभाऊ खिडकीतून बाहेर पाहत एकच वाक्य बोलला, "दादा, तुले समजते का आपण काय करून राहिलो ते?" रोहितचं शतक आम्ही गाडीत मोबाईलवर ऐकलं, हिंगणघाट, वडकी, पांढरकवडा, मग आदिलाबाद, नेटवर्क येऊन जाऊन. मावसभाऊ बिचारा शनिवारी तरी परत पोचू, पाचव्या दिवशी जाऊ असे हिशोब करत होता. अन् झालं काय, शनिवारी आम्ही हैदराबादला ऊन खात उभे आणि तिकडं ऑस्ट्रेलिया ९१ वर ऑलआउट, अश्विनच्या पाच, तिसऱ्याच दिवशी मॅच खतम. तो अजूनही मला हे माफ करत नाही.

पण रेस! आमची जागा एका ब्रेकिंग झोनच्या बाजूला होती, मधी भिंत अन् जाळी. फॉर्म्युला ईला इंजिनचा आवाज नाही म्हणून लय लोकं नाक मुरडतात, मी पण मुरडायचो. आवाज असतो, शिट्टी मारल्यासारखा बारीक, पण खरी गंमत ही की इंजिन बोंबलत नाही म्हणून टायर ऐकू येतात. त्या गाड्या हॅनकूकच्या नक्षीवाल्या टायरवर चालतात, पावसात पण तेच उन्हात पण तेच, त्यामुळं ग्रिप कमी. ब्रेक लागला की आधी एक चर्र असा आवाज, मग दिसतं की आतल्या बाजूचं पुढचं चाक फिरायचं थांबलं आहे, गाडी चालली आहे पण चाक फिरत नाहीये, त्यावरची अक्षरं वाचता येतात एवढं स्थिर, एक हलका निळसर धूर, मग ड्रायव्हरनं ब्रेक जरासा सोडला की अक्षरं परत फिरायला लागतात अन् पुसली जातात. हे सगळं किती वेळात, तर अर्धा सेकंद पण नसेल. आणि हे करताना त्याच्या बाजूला, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर, दुसरं चाक. टीव्हीवर वरून कॅमेरा असतो, त्यात ते अंतर दिसतं. तिथं उभं राहिलं की ते अंतर पोटात कळतं.

झाकलेल्या चाकाच्या गाडीत हे दिसलंच नसतं. ड्रायव्हर काय करून राहिला हे बाहेरून वाचायची एकच जागा म्हणजे पुढची दोन चाकं. स्टिअरिंग किती वळवलं, गाडी ऐकून राहिली की नाही, घाबरला का, सगळं तिथं लिहिलेलं असतं.

आणि त्याच दिवशी भरोसा तुटला की काय होतं ते पण पाहिलं, मोठ्या स्क्रीनवर. मिच एव्हान्स पोलवरून, म्हणजे सगळ्यात पुढून, निघालेला, जॅग्वारचा, आणि हेअरपिनला, म्हणजे उलटं फिरवणाऱ्या वळणाला, त्याला ठोकलं कोणी तर त्याच्याच टीममेटनं, सॅम बर्ड. दोन्ही गाड्या आडव्या, मागचा फेनेस्ट्राझ पण त्यात अडकला. बाजूला बसलेले एक हैदराबादी चाचा, पांढरी दाढी, डोक्यावर टोपी, त्यांनी फक्त "अपनाच आदमी" एवढं म्हटलं आणि पाणी प्यायले. जिंकला जाँ-एरिक व्हर्न, मागं निक कॅसिडी चिकटलेला, त्याच्याकडं बॅटरी जास्त शिल्लक, तरी शेवटपर्यंत व्हर्ननं त्याला जागा नाही दिली. सगळे दरवाजे बंद पण एकदाही घाण नाही केली. मला ती शेवटची दहा मिनिटं आयुष्यभर पुरतील. २०२४ ला तीच रेस परत होणार होती, मी मावसभावाला पटवायला सुरुवात पण केली होती, ती रद्द झाली. त्याला आनंद झाला असं तो म्हणत नाही, पण झाला.

आता अमेरिकेच्या इंडीकार रेसिंगबद्दल बोललो नाही तर मला झोप लागणार नाही. आपल्याकडं ओपन व्हील म्हणजे फॉर्म्युला वन एवढंच लोकांना माहीत, अमेरिकेत गोल गोल फिरतात त्यात काय पाहायचं असं म्हणतात. एकदा इंडियानापोलिस ५०० बसून पाहा. अडीच मैलांचा ओव्हल (लांबट गोल ट्रॅक), २०० लॅप, ३३ गाड्या, सगळ्यांची चॅसी, म्हणजे सांगाडा, एकाच डलारा कंपनीचा, इंजिन होंडा नाहीतर शेवरले. २०२४ ला पोलचा ॲव्हरेज स्पीड ताशी २३४ मैल होता, म्हणजे ३७५ किलोमीटरच्या वर, अन् तो टॉप स्पीड नाही, चार लॅपचा ॲव्हरेज. या स्पीडला चाकाला चाक लागणं म्हणजे काय ते त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे. २०११ मधी लास वेगासला डॅन व्हेल्डन गेला, पंधरा गाड्यांचा ढीग, त्याची गाडी दुसऱ्यावर चढून उडाली आणि कुंपणाला लागली. त्याच वर्षी तो इंडी ५०० जिंकलेला होता अन् पुढच्या वर्षाच्या नव्या गाडीचं टेस्टिंग पण तोच करत होता, म्हणून त्या गाडीला त्याच्या नावावरून डीडब्ल्यू १२ म्हणतात. तिच्या मागच्या चाकांच्या मागं मोठे बंपर दिले होते, चढू नये म्हणून. काही वर्ष ठेवले, मग २०१८ च्या नव्या बॉडीत काढून टाकले. दिसायला गाडी सुंदर झाली, मला आवडली पण, आणि आवडली म्हणून जरा लाज पण वाटली. २०२३ च्या रेसमधी काइल कर्कवूडचं चाक निघालं अन् स्टँडच्या बाजूनं कुंपणावरून उडत जाऊन पार्किंगमधी उभ्या असलेल्या कोणाच्या तरी गाडीवर पडलं. माणूस एकही जखमी नाही. थोडं इकडं झालं असतं तर?

२०२४ ची तर गोष्टच निराळी. मे महिन्याचा शेवट, नवतपा लागलेला, नागपूर कसं असतं ते बाहेरच्यांना सांगून समजत नाही, त्याच आठवड्यात एका ऑटोमॅटिक मशीननं ५६ डिग्री दाखवलं होतं आणि देशभर बातमी झाली होती, मग हवामान खात्यानं सांगितलं सेन्सर बिघडला, आम्ही म्हटलं सेन्सर नाही हो, त्याला चक्कर आली. तर रेस आपल्या टाइमनं रात्री सव्वादहाला सुरू व्हायची, तिकडं पाऊस, चार तास उशीर. मी कुलरसमोर खाट टाकून बसलो, घरचे झोपले, टाकीतलं पाणी संपलं म्हणून एकदा उठून भरलं, दोन वाजून गेले तेव्हा हिरवा झेंडा. शेवटच्या लॅपला पॅटो ओ'वार्ड न्यूगार्डनच्या पुढं गेला, पहिल्या टर्नला. मला वाटलं झालं, बिचारा जिंकला एकदाचा. आणि न्यूगार्डननं तिसऱ्या टर्नला बाहेरून, बाहेरून, त्याला परत मागं टाकलं. ओव्हलवर बाहेरून जाणं म्हणजे आतल्यानं एक फूट जरी वर सोडलं तर तुम्ही भिंतीत. ओ'वार्डनं सोडलं नाही. सोडता आलं असतं, कोणी सिद्धही करू शकलं नसतं. पहाट व्हायला आली होती, मी खाटेवर उभा, आणि ही दारातून म्हणते, "अहो, आग लागली का कुठं?"

त्याच्यापुढं आजचं फॉर्म्युला वन पाहिलं की कधी कधी चीड येते. गाड्या ग्रेट, ड्रायव्हर ग्रेट, पण एकमेकाच्या जवळ जाता येत नाही. परत तेच चाक अन् तीच खराब हवा. एफ वनच्याच आकड्यांनुसार २०२१ च्या गाडीचा, पुढं दहा मीटरवर दुसरी गाडी असली तर, ४६ टक्के डाउनफोर्स, म्हणजे हवेनं गाडीला जमिनीवर दाबायचा जोर, जायचा. २०२२ ला नवीन गाड्या आणल्या, चाकांवर छोट्या पट्ट्या, रिमवर झाकणं, अन् हे नुकसान १८ टक्क्यांवर आणलं म्हणाले. पहिल्या वर्षी खरंच फरक पडला. मग टीमवाल्यांनी हळूहळू परत तीच घाण मागं सोडायचे रस्ते शोधून काढले, ते त्यांचं कामच आहे म्हणा, आणि २०२५ पर्यंत परत तेच, एकामागं एक अडकलेल्या गाड्यांची ट्रेन. २०२५ च्या मोनॅकोला तर दोन पिट स्टॉप (टायर बदलायला थांबणं) कंपलसरी केले अन् झालं काय, मधल्या टीमच्या एका ड्रायव्हरनं मुद्दाम हळू चालवून मागच्यांची लाइन लावायची, म्हणजे टीममेटला फुकटात पिट करता येईल. आमच्या नागपूरच्या बर्डीवर संध्याकाळी ऑटोवाले असंच करतात, त्याचे मला कोणी पैसे मागत नाही.

२०२६ चे नियम त्यातल्या त्यात बरे. गाडी १० सेंटीमीटर अरुंद, २० सेंटीमीटरनं व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) कमी, टायर पण बारीक, डीआरएस (क्रिकेटचं नाही, ओव्हरटेक करायला मागची विंग उघडायची सोय) गेलं, त्याच्या जागी दोन्ही विंग हलणाऱ्या, अन् पॉवरचा जवळपास अर्धा वाटा बॅटरीवाल्या मोटरचा. गाडी लहान झाली हे मला सगळ्यात आवडलं, अजून लहान करा म्हणतो मी. बॅटरीचं मात्र मला पटत नाही. फॉर्म्युला ईमधी ते चालतं कारण तो खेळच तसा मांडलेला आहे, सगळ्यांची बॅटरी सारखी, कोण किती राखून ठेवतो यावर रेस. एफ वनमधी ओव्हरटेक झाला तर तो ड्रायव्हरच्या छातीमुळं झाला पाहिजे, समोरच्याची बॅटरी संपली म्हणून नाही. ज्याला हे उलटं वाटतं त्यानं कमेंटमधी भांडावं, आपली तयारी आहे.

म्हणून मी शनिवारची फॉर्म्युला टू, म्हणजे एफ वनच्या खालची पायरी, जास्त मन लावून पाहतो. सगळ्यांना एकच डलारा, एकच मेकाक्रोम इंजिन, स्प्रिंट म्हणजे छोट्या रेसला पहिल्या दहाची सुरुवातीची लाइन उलटी. आणि आपली पोरं पण तिथंच दिसतात. जेहान दारुवाला होता, मग कुश मैनी, २०२५ ला मोनॅकोची स्प्रिंट जिंकला, तिरंगा वर गेला, मी ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं तर दोन अंगठे अन् एक "हा कोण" एवढाच रिप्लाय. नारायण कार्तिकेयनचं तर लोकांना अजून कमी माहीत. २००५ ला जॉर्डन नावाच्या टीममधून एफ वनला गेला, पहिला भारतीय, आणि अमेरिकन ग्रां प्रीला चौथा आला, पाच पॉइंट. मग कोणीतरी हुशार येतो अन् म्हणतो त्या रेसमधी सहाच गाड्या होत्या. होत्या, मिशेलिनचे टायर बँकिंगवर, म्हणजे तिरप्या वळणावर, टिकेनात म्हणून चौदा गाड्या रेसआधीच्या फॉर्मेशन लॅपनंतर पिटमधी निघून गेल्या. पण तो त्या सहामधी होता नं भाऊ. तुमचा कोण होता?

नारायणनं सुरुवात केली ती फॉर्म्युला मारुतीमधी. ही गाडी कोइम्बतूरच्या करिवर्धन नावाच्या माणसानं बनवली, मारुती ८०० चं इंजिन, उघडी चाकं, परवडेल अशी. त्याच्या आधी मद्रासकडं शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर रेस व्हायच्या. आपल्याकडं हा खेळ असाच जुगाडावर वाढला, दक्षिणेत वाढला, इकडं विदर्भात त्याचं वारंसुद्धा आलं नाही. मग २०११ ला ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट झालं, पाच किलोमीटरवर लांब, तीन वर्ष ग्रां प्री, तिन्ही वेळा फेटल जिंकला, आणि टॅक्सच्या भांडणात गाडी अडकली ती अडकलीच. पहिल्या वर्षी प्रॅक्टिसमधी ट्रॅकवर कुत्रा आला होता त्यावरून जगानं आपल्याला लय चिडवलं. मला त्या वीकेंडचं वेगळंच लक्षात आहे. व्हेल्डनला जाऊन दोन आठवडे झाले होते, मोटोजीपीवाला (बाइक रेसचा) सिमॉन्चेली गेला त्याला एक, रेसच्या आधी सगळे ड्रायव्हर एका लाइनीत उभे राहिले होते, अन् मग तासाभरात फेलिपे मासा अन् हॅमिल्टन एकमेकांना ठोकून मोकळे. त्या वर्षी त्या दोघांचा एकमेकांवर काडीचा भरोसा नव्हता, दर दुसऱ्या रेसला तेच.

इकडं वारं आलं नाही म्हटलं पण ते अगदीच खरं नाही. माझा भाचा इथल्याच एका इंजिनिअरिंग कॉलेजात आहे, त्यांची टीम फॉर्म्युला भारतसाठी, म्हणजे कॉलेजच्या पोरांनी स्वतः गाडी बनवायच्या स्पर्धेसाठी, गाडी बनवते. नियमच असा की सिंगल सीट, कॉकपिट उघडं, चाकं उघडी. इंजिन ७१० सीसीच्या आत, त्यांनी केटीएम ३९० चं टाकलं आहे. पाइप हिंगणा एमआयडीसीत वाकवून आणतात, तिथला वेल्डिंगवाला आता त्यांना ओळखतो अन् उधार देतो. मी मागं एकदा बघायला गेलो तर शेडमधी भर दुपारी पंखा बंद, कारण हवेनं दोरा हलतो. गाडीच्या दोन्ही बाजूंना स्टँड लावून मासे पकडायचा दोरा ताणलेला, चाकांच्या उंचीवर, गाडीच्या मधल्या रेषेला समांतर, अन् एक पोरगी जमिनीवर पालथी पडून स्टीलच्या पट्टीनं रिमच्या पुढच्या कडेपासून दोऱ्यापर्यंत आणि मागच्या कडेपासून दोऱ्यापर्यंत मोजून राहिली होती. दोन्हीतला फरक म्हणजे चाक आत वळलेलं का बाहेर. ती आकडा ओरडायची, भाचा टाय रॉडचा (चाक वळवणाऱ्या दांड्याचा) नट पाव फेरा फिरवायचा, परत मोजायचं. घामानं पट्टी हातातून सटकायची. मी विचारलं मिलीमीटरच्या अर्ध्यानं काय फरक पडते बे, तर ती पोरगी वर न पाहता म्हणाली, "काका, चाक दिसते म्हणून तुम्हाले सोपं वाटते."

कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेवर त्यांची स्पर्धा असते. गंमत म्हणजे तिथं चाकं उघडी असून कोणी कोणाशी चाकाला चाक लावून भिडत नाही, एकमेकांशी नाही, वेळेशी शर्यत लावायची, ओव्हरटेकिंग ठरवलेल्या जागीच आणि निळा झेंडा दाखवल्यावर. शेवटची एंड्युरन्स, म्हणजे गाडी टिकते का ते पाहायची फेरी, साधारण २२ किलोमीटर, अर्ध्यात ड्रायव्हर बदलायचा, अन् इंजिन बंद करून परत चालू करायचं. गरम इंजिन परत चालू होईल की नाही यावर अर्ध्या टीमांची वर्षभराची मेहनत जाते. यांची पण गेली. स्टार्टर कुरकुर कुरकुर करत राहिला, टाइम संपला. भाच्याला फोन केला तर मला वाटलं रडत असेल, तो पलीकडं कोणाला तरी सांगत होता की रेडिएटरचा फॅन इंजिन बंद झालं तरी चालत राहिला पाहिजे, वायरिंग वेगळी ओढू. यंदाची फ्रेम तयार झाली आहे, पण स्पॉन्सर अजून अर्धेच मिळालेत, कोणाच्या ओळखीत बेअरिंगचं दुकान असेल तर सांगा, भाच्याला भेटवून देतो.